जंगल शिकायचं तर पदवी कोणती?

परतवाडा मागे पडलं की घाट लागतो. वळणं संपेपर्यंत हवा बदललेली असते आणि उन्हाळ्यात वऱ्हाडात होरपळलेला माणूस चिखलदऱ्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरचं हे गाव पर्यटकांना भीमकुंड, गाविलगड आणि कॉफीच्या झाडांमुळे माहीत आहे. पण गावाभोवती पसरलेला मेळघाट ही महाराष्ट्रातली वन्यजीव अभ्यासाची सर्वांत जुनी शाळाही आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटचं नाव होतं. राज्यातला पहिला व्याघ्र प्रकल्प तो हाच.

अमरावती-अकोल्याकडे बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न हल्ली हमखास ऐकू येतो. "मले वाघावर काम कराचं आहे, कोणती डिग्री घेऊ?" मुलगी किंवा मुलगा हे विचारतो आणि शेजारी बसलेला बाप लगेच दुसरा प्रश्न टाकतो, "जंगलात फिरून पोट भरते का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अडचण एवढीच, की 'वाघावर काम' नावाचं एकच काम जंगलात नसतं. तिथे निदान चार-पाच वेगळी कामं चालतात आणि प्रत्येकाकडे जाणारी वाट वेगळ्या पदवीतून जाते. म्हणून आधी काम निवडावं, मग पदवी. बहुतेक मुलं नेमकं उलट करतात. माहितीपुस्तिकेत 'वाइल्डलाइफ' हा शब्द दिसला की प्रवेश घेऊन मोकळी होतात.

एका वाघामागे किती जण?

आपल्याच भागातलं एक उदाहरण घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर वाघ. संशोधकांच्या नोंदीत त्याचं नाव टी१सी१. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली. वयात आलेला नर स्वतःचा इलाखा शोधायला बाहेर पडतो, तसा हाही पडला. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाचा काही भाग तुडवत, कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून, नाल्यांच्या काठाने, रस्ते ओलांडत तो डिसेंबर २०१९ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याचं चालणं तेराशे किलोमीटरच्या वर गेलं होतं. पुढे मार्च २०२१ मध्ये तो तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला.

ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पण ती बातमी तयार व्हायला कोण कोण लागलं? वाघाला बेशुद्ध करण्यासाठी औषधाची मात्रा ठरवणारा पशुवैद्य लागला. मात्रा कमी पडली तर माणसं धोक्यात, जास्त झाली तर वाघ. कॉलरमधून उपग्रहामार्फत येणारी ठिकाणं नकाशावर मांडून 'हा दिवसा कुठे थांबतो, रात्री किती चालतो' हे सांगणारा परिस्थितिकीचा अभ्यासक लागला. हे काम भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचा वन विभाग यांनी मिळून केलं. जिल्ह्याजिल्ह्यात त्याच्या मागावर राहणारे वनरक्षक आणि वनपाल लागले. आणि ज्यांच्या शेतातून तो गेला, त्या गावकऱ्यांशी बोलणारी, घाबरलेल्या गर्दीला आवरणारी माणसं लागली. वाघ एकच, पण त्याच्यामागे पशुवैद्यक, परिस्थितिकी, वनप्रशासन आणि समाजशास्त्र अशी चार शिक्षणं चालत होती. यातलं आपलं कोणतं, हा खरा पहिला प्रश्न.

खणात सापडलेला पक्षी

संशोधन म्हणजे नेमकं काय, हे समजायला वाघापेक्षा रानपिंगळा बरा. जेमतेम वीतभर उंचीचं हे घुबड दिवसाही शिकार करतं. १८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि १८८४ नंतर ते कुणालाच दिसलं नाही. शोध झाले, नामांकित पक्षितज्ज्ञ फिरले, हाती काही लागलं नाही. पक्षी नामशेष झाला असं बहुतेकांनी धरलं.

गुंता संग्रहालयात होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मारल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना ठेवून दिला होता, आणि शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या मागे जात होते. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. तो खानदेशातून १८८४ मध्ये गोळा केलेला, नंतर चोरून पुन्हा नव्याने भरलेला नमुना निघाला. खोटी चिठ्ठी बाजूला झाल्यावर शोधाची जागाच बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटातही तो चांगल्या संख्येने आढळला आणि आज हे जंगल त्याच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.

म्हणजे हा पक्षी आधी संग्रहालयाच्या खणात सापडला आणि मग रानात. पिसांची रचना, जुन्या नोंदी, नमुना भरण्याची पद्धत हे सारं ज्याला वाचता येत होतं, त्याला तो दिसला. जंगलाची हौस सगळ्यांनाच असते. कामी आलं ते प्राणिशास्त्राचं बैठं, चिकट ज्ञान. पदवीच्या तीन-चार वर्षांत हेच कमवायचं असतं.

गणिताला भिणाऱ्यांसाठी एक उदाहरण

"मला गणित नको म्हणून जीवशास्त्र घेतलं," असं म्हणणारी मुलं या क्षेत्रात लवकर अडतात. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसून प्राणी मोजायची प्रथा आहे. चांदण्यात पाण्यावर आलेलं अस्वल पाहणं हा अनुभव विसरता येत नाही. पण एकच गवा दोन पाणवठ्यांवर गेला तर तो दोनदा मोजला जातो, आणि जो प्राणी त्या रात्री पाण्यावर आलाच नाही तो यादीत येत नाही. म्हणून ही रात्र निसर्गाचा अनुभव म्हणून मोलाची असली, तरी शास्त्रीय गणना तिच्यावर उभी राहत नाही.

मग वाघ मोजतात कसे? प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. जंगलात जागोजागी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावले की फोटोवरून वाघ ओळखता येतो. समजा, पहिल्या खेपेला १० वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या खेपेला ८ आले, त्यातले ४ पहिल्या खेपेचेच निघाले. दुसऱ्या खेपेतले निम्मे आपल्या ओळखीचे, याचा अर्थ पहिल्या खेपेला आपण जंगलातले साधारण निम्मेच वाघ पाहिले होते. ते १० होते, म्हणून एकूण अंदाजे २०. गणितात मांडायचं तर १० गुणिले ८ भागिले ४. प्रत्यक्षातली सूत्रं याहून बरीच गुंतागुंतीची असतात, पण गाभा हाच. देशात दर चार वर्षांनी होणारा व्याघ्र अंदाज याच विचारावर उभा आहे. २०२२ च्या अंदाजात देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले गेले. पट्ट्यांवरून वाघ मोजण्याची ही पद्धत भारतात रुजवणारे के. उल्हास कारंत मुळात अभियांत्रिकीचे पदवीधर. वन्यजीवशास्त्राचं शिक्षण त्यांनी नंतर घेतलं.

म्हणून बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र मुख्य विषय घेतला, तर जोडीला संख्याशास्त्र घेता येतं का ते पाहावं. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य आणि दुय्यम विषयांची जी सोय आहे, तिचा उपयोग इथे करून घ्यावा. भूगोलातली नकाशाशास्त्राची बाजू, संगणकावर नकाशे करणारी जीआयएस प्रणाली आणि आकडेमोडीसाठी 'आर' ही मोफत संगणकभाषा, एवढं ज्याला येतं त्याला प्रकल्पावर घ्यायला लोक तयार असतात. पक्षी ओळखणारे उमेदवार भरपूर येतात. माहिती नीट मांडता येणारा क्वचित भेटतो.

वाटा आणि त्यांच्या पाट्या

पहिली वाट वन विभागाची. चिखलदऱ्यातच वनरक्षकांना प्रशिक्षण देणारी संस्था आहे. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक अशी ही उतरंड. वनरक्षकाची भरती बारावीवर होते, वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक राज्य लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेतून येतात आणि भारतीय वनसेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी मुलं पडतात. भारतीय वनसेवेला 'कोणतीही पदवी' चालत नाही. पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी निदान एक विषय पदवीला असावा लागतो, किंवा पदवी कृषी, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकीची असावी लागते. नुसत्या 'पर्यावरण' नावाची पदवी घेतली आणि त्यात यातला एकही विषय नसला, तर जंगलावर जीव असलेला विद्यार्थी दारातूनच परत फिरतो. या परीक्षेत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालूनही दाखवावं लागतं. मेळघाटच्या पोरांना याची भीती नसावी.

या वाटेसाठी सर्वांत सरळ पदवी म्हणजे चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स) वनशास्त्र. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ती आहे, कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठातही आहे. रोपवाटिका, मृदा, वनव्यवस्थापन, वन्यजीव, लाकूडशास्त्र सगळं त्यात येतं. अकोला घरापासून जवळ, सरकारी विद्यापीठाची फी आणि स्पर्धा परीक्षांना चालणारी पदवी, या तीन गोष्टी एकत्र मिळणं वऱ्हाडातल्या मुलांसाठी लहान गोष्ट नाही.

दुसरी वाट संशोधनाची. इथे पदवी साधी चालते, पदव्युत्तर शिक्षण मात्र निवडून घ्यावं लागतं. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था १९२३ पासूनची. अशा कॉलेजातून प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र चांगलं करून पुढे जाता येतं. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत वन्यजीव संवर्धनाची. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ साली स्थापन झाली, तिची वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. देशात नावाजलेली आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाची एम.एस्सी. आहे. पुदुच्चेरीच्या केंद्रीय विद्यापीठात परिस्थितिकीचा जुना विभाग आहे. देहरादून आणि बंगळुरूच्या जागा अगदी मोजक्या, स्पर्धा देशभराची, आणि प्रवेश दरवर्षी निघेलच असं गृहीत धरू नये. पदवीचं तिसरं वर्ष लागलं की जाहिरातीवर डोळा ठेवावा.

तिसरी वाट पशुवैद्यकाची. तिला 'नीट' परीक्षा लागते, म्हणजे निर्णय अकरावीतच घ्यावा लागतो. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली ही पदवी मिळते आणि नागपूरजवळ गोरेवाड्यात वन्यप्राण्यांचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. या वाटेचा एक फायदा बापाच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. वाघाचं काम मिळेपर्यंत गाई-म्हशींचा दवाखाना चालवता येतो.

माणसांची बाजू

चौथ्या वाटेकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि माणसांची सर्वांत जास्त गरज तिथेच आहे. जुन्नर भागात वीस वर्षांपूर्वी उसात राहणारे बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. वाटलं, प्रश्न मिटेल. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं ते उलटंच. या उपायानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. बिबट्या कुठे राहतो एवढं कळून भागलं नाही. गावात कचरा कुठे पडतो, कुत्री किती, गोठा बंद आहे का, लोक कशाला भितात हेही शास्त्राचाच भाग निघालं.

मेळघाटात तर हे पावलोपावली दिसतं. इथल्या कोरकू समाजाची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, आणि त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडची. गाभा क्षेत्रातली वैराट, चुर्णी अशी गावं बाहेर वसवली गेली. त्यांच्या रिकाम्या शेतांवर आता गवताची कुरणं उभी आहेत आणि त्यात गवे चरतात. संवर्धनाच्या हिशेबात हे यश आहे. पण ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभर त्या मातीत कुटकी पेरली, त्याच्या बाजूनेही ही गोष्ट ज्याला सांगता येत नाही, त्याचं शिक्षण अर्धवट राहिलं असं मी म्हणेन. परतवाड्याजवळच्या पायविहीरने वेगळी वाट दाखवली. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाले. उजाड टेकडीवर गावाने पुन्हा जंगल उभं केलं आणि त्यातल्या सीताफळांना बाजार मिळवून दिला. अशा कामासाठी समाजकार्य, मानवशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा यातली कुठलीही पदवी चालते. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था या बाजूचं व्यवस्थापन शिकवते. कला शाखेच्या मुलांनी 'आपल्याला हे बंद' असं समजू नये. ज्याला कोरकू बोलता येतं, त्याच्याकडे तर देहरादूनमध्ये न मिळणारी एक पात्रता आधीच आहे.

पदवी नसली तर?

सलीम अली यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्यांना प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती, आणि तरी ते देशाचे सर्वांत मोठे पक्षितज्ज्ञ झाले. मारुती चितमपल्ली हे आपलं उदाहरण. सोलापूरचा हा माणूस कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकला, वनखात्याच्या नोकरीत रानोरान फिरला, मेळघाटातही राहिला, आणि आदिवासींकडून ऐकलेल्या शब्दांनी मराठी भाषा श्रीमंत करून गेला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पण या उदाहरणांचा उलटा अर्थ काढू नये. सलीम अलींना पदवी नव्हती तरी ते बर्लिनला जाऊन पक्षिशास्त्र शिकून आले होते. कागद नव्हता, शिक्षण होतं. आज कागद मिळणं सोपं झालंय आणि शिक्षण मात्र मागून घ्यावं लागतं.

म्हणून कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत पाहू नका, तीन गोष्टी विचारा. वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष रानात नेता? शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो का? मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर समजून घ्या. चार दिवसांची सफारी करवून प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींपासूनही जपून राहा. तेवढ्याच पैशांत चांगली दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक येतं.

आता बापाचा प्रश्न. खरं सांगायचं तर या क्षेत्रात कायमच्या नोकऱ्या थोड्या आहेत. संशोधन प्रकल्पांवरची कामं बहुधा कराराची असतात, एक प्रकल्प संपला की दुसरा शोधावा लागतो, आणि पहिली काही वर्षं इंजिनिअर झालेल्या भावाच्या पगाराकडे पाहू नये हेच बरं. वन विभागाची नोकरी स्थिर आहे, पण तिथे जंगलाइतकाच वेळ कागदांत आणि बंदोबस्तात जातो. हे घरात आधीच बोलून ठेवावं. नुसतं जंगलात फिरून पोट भरत नाही. बेशुद्धीची मात्रा, पट्ट्यांचा हिशेब, गवताची ओळख, गावाची भाषा यांतलं एखादं काम पक्कं येत असेल, तर भरतं.

आणि प्रवेशाची वाट पाहत बसायचं कारण नाही. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात पडून असते. बारावीच्या सुट्टीत आपल्या ग्रामपंचायतीत जा, ती वही मागा, आपल्या शिवारातली झाडं, पक्षी आणि त्यांची गावात चालणारी नावं म्हाताऱ्यांना विचारून तारखेसह लिहून काढा. दोन महिने ते काम मनापासून झालं, तर पदवीचा अर्ज खुशाल भरा. पंधरा दिवसांत कंटाळा आला, तर तेही वेळेत कळलेलं बरं.